"हा ऐकत नाही, म्हणून आलो"

"डॉक्टर, मला काही झालेलं नाही. हा ऐकत नाही, म्हणून आलो." दवाखान्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. 'हा' म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसलेला मित्र. तपासल्यावर बऱ्याचदा मित्राचंच खरं निघतं.

माझंच उदाहरण सांगतो. चार वर्षांपूर्वी जिना चढताना माझ्या छातीवर दडपण यायचं आणि थांबलो की जायचं. एखाद्या रुग्णाने हे सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी त्याचा ईसीजी काढला असता. स्वतः मात्र ॲसिडिटीच्या गोळ्या घेत राहिलो. घरच्यांना उगाच काळजी नको म्हणून सांगितलंही नाही.

एका रविवारी शाळेतला मित्र घरी आला. त्याआधी दोनदा मी त्याला "वेळ नाही" म्हणून टाळलं होतं. दोघं जिना चढून वर आलो. दार उघडायच्या आत तो म्हणाला, "मधेच थांबून मोबाईल बघायचं नाटक केलंस ना? काय होतंय तुला?" चाळीस वर्षांच्या ओळखीपुढे थाप चालत नाही. दुसऱ्या दिवशी तोच मला हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेला. एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट घालावा लागला. त्या रविवारीही मी त्याला टाळलं असतं तर?

२०१० साली अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतल्या ३ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. यात घरचे, शेजारी, मित्र सगळेच आले. मैत्री हे औषध नव्हे, त्यामुळे बीपीची गोळी सोडू नका! पण आपल्यातला बदल मित्र टिपतो आणि भीड न ठेवता बोलतो. घरच्यांपासून लपवलेलं दुखणंही त्याच्यापाशी बाहेर पडतं.

चालताना किंवा जिना चढताना छातीवर दडपण येत असेल, तर ॲसिडिटी समजून थांबू नका, लगेच तपासून घ्या. आणि स्वतःला एक प्रश्न विचारा : माझ्यातला फरक कोणाच्या लक्षात येईल? जे नाव आठवेल, त्याला आजच फोन करा. काम नसतानाही करा.