रमाबाई नावाच्या चौघी

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर, मांजरी, लोणी अशी स्टेशनं मागे टाकत जाते. लोणीच्या आसपास थेऊरचा फाटा आहे आणि त्याच लोहमार्गावर आणखी पुढे केडगाव. थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे क्षयाने गेले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. केडगावात दुसऱ्या एका रमाबाईंनी, स्वतः विधवा असताना, शेकडो विधवांसाठी आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींसाठी घर उभं केलं. दोन गावांमध्ये फारसं अंतर नाही, दोन घटनांमध्ये सव्वाशे वर्षं आहेत, आणि दोघींचं नाव एकच.

हे लक्षात आल्यापासून मी या नावाच्या मागे लागलो. रमाबाई पेशवे, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाबाई आंबेडकर. यांतल्या शेवटच्या तिघी तर एका काळात जगल्या. १८९८ पासून १९२२ पर्यंत तिघी एकाच वेळी हयात होत्या, आणि तिघींमधली अंतरं आगगाडीने एका दिवसात कापता येतील एवढीच होती. तरी त्या तीन वेगवेगळ्या जगांत राहत होत्या.

रमा हे लक्ष्मीचं नाव. लक्ष्मी घरात यावी म्हणून सुनेला ते द्यायचं, ही जुनी हौस. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, त्यांवर सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि जन्मापासून ज्या नावाला मुलगी ओ देत आली ते त्या क्षणी मागे पडायचं. रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या, देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशीही कल्याणला जन्मल्या तेव्हा यमुनाच होत्या. दोन यमुना लग्नानंतर रमा आणि आनंदी झाल्या, आणि इतिहासाला त्यांची ओळख झाली ती सासरच्या नावांनी. माझ्या आजीचंही माहेरचं नाव वेगळं होतं. तिचा धाकटा भाऊ भेटायला आला की त्या नावाने हाक मारायचा आणि ती स्वयंपाकघरातून ज्या लगबगीने बाहेर यायची, ती लगबग एरवी तिच्यात कधी दिसली नाही. भाऊ गेल्यावर ते नाव उच्चारणारं घरात कोणी उरलं नाही.

एकाच नावाच्या बायका वेगळ्या ओळखायच्या तर पुढे काहीतरी जोडावं लागतं. तिघींच्या पुढे आपण नवऱ्याचं आडनाव जोडतो. एकीच्या आधी मात्र पदवी आहे, आणि ती तिने स्वतः मिळवलेली आहे. मला वाटतं, या चौघींना समजून घेण्याची वाट तिथूनच निघते. कोणाला अक्षर मिळालं, कोणाकडून मिळालं, किती वयात आणि कोणत्या किमतीला, यावरून या चौघींची आयुष्यं जितकी कळतात तितकी त्यांच्या नवऱ्यांच्या थोरवीवरून कळत नाहीत.

थेऊरच्या रमाबाईंबद्दल मी थोडंच बोलणार आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने १९६२ पासून त्यांना मराठी घराघरांत नेलं आणि एका कोवळ्या प्रेमाची आठवण म्हणून त्या लोकांच्या मनात राहिल्या. त्या प्रेमावर मला शंका घ्यायची नाही. पण चिंतामणीच्या देवळाजवळ, नदीकाठी त्यांच्या वृंदावनापुढे उभं राहिलं की मला प्रेमाच्या आधी त्यांचं वय आठवतं. माधवराव सत्ताविशीत गेले. त्या तर त्यांच्याहून लहान. सतीबंदीचा कायदा बंगाल इलाख्यात झाला १८२९ मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. त्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं हे आजवर जे कोणी सांगितलं, ते इतरांनी सांगितलं.

दुसऱ्या रमाबाईंनी आपलं सगळं स्वतः सांगितलं. संस्कृतात सांगितलं, मराठीत लिहिलं, इंग्रजीत छापलं.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवायचं हा त्यांचा ध्यास, आणि त्यासाठी धर्मसभेला उत्तरं द्यावी लागली तरी ते हटले नाहीत. गंगामूळच्या रानात त्यांनी घर केलं. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमा जन्मली. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. गावोगावी पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. या भटकंतीत आई लक्ष्मीबाई लेकीला पहाटे उठवून संस्कृत शिकवत. एवढ्या तुटपुंज्या आयुष्यात आईने मुलीला भाषा दिली, ही गोष्ट मला त्या काळातल्या कुठल्याही ठरावापेक्षा मोठी वाटते. मग दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं.

भाऊ वारल्यावर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं नाही. वडिलांनी ठेवलेलं नाव अखेरपर्यंत टिकलं, असं या काळातल्या फार थोड्या बायकांच्या वाट्याला आलं. दोन वर्षांच्या आत पती पटकीने गेले. पदरात वर्षाची मनोरमा. त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या.

आणि पुण्यात दोन रमाबाई भेटल्या.

या भेटीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो. एकीचं वय चोवीस, दुसरी विशीच्या उंबरठ्यावर. एकीला आईने रानात शिकवलं. दुसरीला अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्यावर नवऱ्याने शिकवलं. न्यायमूर्ती रानडे लग्नाच्या वेळी एकतीस वर्षांचे होते. पहिली पत्नी नुकतीच वारली होती, आणि विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं होतं. त्यावरून त्यांच्यावर जन्मभर टीका झाली. पण त्यांनी त्या मुलीच्या हाती लगेच पाटी दिली. नवरा शिकवतो म्हणून मुलगी सुटली असं मात्र नव्हतं. घरात वडीलधाऱ्या बायकांचा मोठा गोतावळा होता. रात्री पतीपाशी बसून इंग्रजी धडा घ्यायचा आणि दिवसा त्या धड्याबद्दल टोमणे ऐकायचे, जेवणाच्या पंगतीत अबोला सोसायचा, हे वर्षानुवर्षं चाललं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलं आहे, कोणाबद्दल कडवटपणा न धरता. पुस्तक पतीवर लिहायला घेतलेलं. पण वाचणाऱ्याला दिसत राहते ती अभ्यास आणि स्वयंपाक यांच्यामध्ये उभी असलेली मुलगी.

अशा घरातल्या मुलीसमोर पंडिता येऊन उभ्या राहिल्या. भरसभेत बोलणाऱ्या, शास्त्रार्थ सांगणाऱ्या. रानडे, भांडारकर यांच्या वर्तुळाने त्यांना आधार दिला, आर्य महिला समाज निघाला, आणि रमाबाई रानडे त्या बैठकांना जाऊ लागल्या. घरच्या बायका संतापल्या. जातीबाहेर लग्न केलेली ही बाई, तिच्या नादाला आपली सून लागते म्हणजे काय? त्याच वर्षी हंटर आयोगापुढे पंडितांनी साक्ष दिली आणि मुलींना शिकवायला बाई शिक्षक हव्यात, बायकांना तपासायला बाई डॉक्टर हव्यात, हे सांगितलं. रमाबाई रानड्यांनीही पुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं निवेदन गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून वाचलं. टाळ्या झाल्या. घरी परतल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं, तेही त्यांनीच लिहून ठेवलंय. हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली.

मग वाटा फाकल्या. पंडिता १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. तिथून पुढे त्यांनी अमेरिका व्याख्यानांनी पालथी घातली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी १८८७ च्या अखेरीस जी संस्था निघाली तिचं नाव होतं ‘रमाबाई असोसिएशन’. आईबापांनी ठेवलेलं साधं नाव समुद्रापार एका संस्थेचं नाव झालं, आणि त्याला ओळख पटवायला पुढे कुठलंच आडनाव लागलं नाही. शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुनर्विवाहातही नाव बदललं.

त्याच १८९३ मध्ये सदनातल्या मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेची ओढ लावली जाते, असा गदारोळ पुण्यात उठला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोण किती बरोबर होतं यावर पुष्कळ लिहून झालंय. मला हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. दोन्ही रमाबाईंना एकमेकींची गरज होती. एकीकडे निर्भयता होती आणि दुसरीकडे समाजाच्या आत राहून त्याला हलवण्याची चिकाटी. पंडिता केडगावला गेल्या. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी तिथे शेती केली, माग चालवले, छापखान्यात खिळे जुळवले. पंडितांनी अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. रमाबाई रानड्यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, परिचारिका घडवल्या, प्रौढ बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं. विधवांना परिचारिकेच्या पोशाखात रुग्णालयात पाठवणं हे तेव्हाच्या पुण्यात किती अवघड होतं, ते आज कळणं कठीण आहे. दोघी एकच काम करत होत्या. पंडिता १९२२ मध्ये गेल्या, रमाबाई रानडे १९२४ मध्ये.

चौथीचं लग्न झालं तेव्हा या दोघी आपापल्या कामात होत्या. १९०६ चा सुमार, भायखळ्याचा बाजार. दिवसाची विक्री आटोपल्यावर रात्री तिथल्या छपराखाली मंडप समजून लोक जमले. नवरा मुलगा भीमराव शाळेत शिकत होता. नवरी नऊ वर्षांच्या आत-बाहेरची. दापोलीजवळच्या वणंद गावची, दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या भिकू धोत्र्यांची ही लेक, आईबाप गेल्यावर काकांबरोबर मुंबईला आलेली.

सेवासदनाचं दार तिच्यापर्यंत पोहोचलं नाही, शारदा सदनाचं तर नाहीच. पाटी हातात देणारी आई नव्हती आणि नवऱ्याला रात्री धडा घ्यायला उसंत नव्हती, कारण त्याच रात्री तो स्वतःसाठी आणि आपल्या सगळ्या समाजासाठी अभ्यास करत होता. भीमराव १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, पुढे लंडनला गेले. परळच्या चाळीत रमाबाई गोवऱ्या थापत, पै-पैचा हिशेब लावत. पाच मुलं झाली, चार गेली. त्यांतला राजरत्न १९२६ मध्ये गेला, त्यानंतर घर पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती. जिथे भक्ताला दाराबाहेर उभं राहावं लागतं तिथे कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभी करू, असं बाबासाहेब म्हणाले, ही आठवण घरोघर सांगितली जाते. त्या २७ मे १९३५ रोजी ‘राजगृह’ या घरी गेल्या. बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. कायदा, लोकसंख्या, फाळणी यांची चिकित्सा करणारं ते पुस्तक उघडलं की पहिल्यांदा भेटतं एका बाईचं घरगुती नाव. मला हे पान फार मोलाचं वाटतं. त्यांच्या विद्वत्तेचा खर्च कोणी भरला, हे त्यांनी तिथे जगाला सांगितलं.

आणि मग लोकांनी तिसरं नाव दिलं: रमाई. जलशांतून, भीमगीतांतून, जात्यावरच्या ओव्यांतून ते पसरलं. मुंबईत घाटकोपरच्या एका वसाहतीला लोकांनी त्यांचं नाव दिलं. ११ जुलै १९९७ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं कळताच लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं मेली. महाराष्ट्रात ‘रमाबाई’ म्हटल्यावर कोणाला काय आठवतं, यावरून तो माणूस कुठल्या घरात वाढला ते अजून कळतं. कोणाला मालिकेतली नऊवारीतली रानड्यांची सून आठवते, कोणाला शनिवारवाडा आठवतो, कोणाला ते गोळीबाराचे दिवस. हे तुकडे एकमेकांशेजारी ठेवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. एका रमाबाईचं कर्तृत्व वाचताना त्याच वेळी दुसरी कुठे होती, कोणत्या दारापाशी थांबवली गेली होती, हे विचारल्याशिवाय ते वाचन पुरं होत नाही.

रमाईंना जे मिळालं नाही ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हिसकून घेतलं. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांनी आत्मकथनं लिहिली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या तोंडून त्यांचा इतिहास उतरवून घेतला. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत शिकल्या, पंडितांना आईने पहाटे शिकवली तीच भाषा. या मुलीने ती दलित वस्तीतून शाळेत जाऊन, लोकांच्या कुत्सित नजरा झेलत मिळवली. एम. ए. झाल्या, तरी प्राध्यापकी मिळेना. सवर्ण घरात लग्न होऊन आडनाव बदललं, तेव्हा ती मिळाली. ‘अंतःस्फोट’मध्ये त्यांनी हे लिहिलंय, की नोकरी मिळाली ती पावडे या नावाला, माहेरचं सोमकुवर हे नाव तसंच वंचित राहिलं.