मढी उकरणारा म्हणून मारलेला प्राणी

परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ आला. गायरानात पोरांनी काठ्यांनी एक जनावर मारलंय. पाठ राखाडी-पांढरी, पोट काळंभोर, पुढच्या पायांना लांब नख्या. खाली मजकूर : "मसण्याऊद. मढी उकरून खातो. सावध राहा." त्याखाली पन्नासेक अंगठे.

तो मसण्याऊद नव्हताच. मसण्याऊद झाडावर चढणारा, फळं खाणारा. हे होतं चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर.

ही भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. माझा धाकटा भाऊ आठ दिवसांचा असताना गेला. त्याला पुरल्यावर वडिलांनी वर धोंडे आणि बाभळीच्या काट्या रचल्या होत्या, त्या याच जनावराच्या धास्तीने.

पण ते खातं काय, हे बघितलेली माणसं आहेत. आफ्रिकेतल्या कलहारीच्या कोरड्या माळावर कॉलीन आणि कीथ बेग हे जोडपं १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही वर्षं या प्राण्याच्या मागे फिरलं. पन्नासहून जास्त प्रकारची शिकार त्यांनी नोंदवली. उंदीर, पाली, सरडे, विंचू, अळ्या. शिवाय साप, तेही घोणसाच्या जातकुळीतले आणि नागसुद्धा! दिवसभर हुंगायचं, उकरायचं, पुढे निघायचं. बिळातून निसटलेला उंदीर टिपायला एक शिकारी पक्षी मागेमागे असतो. नावात 'हनी' असलं तरी मधाचा वाटा थोडाच.

साधू नाही तो. मेलेलं मिळालं तर खातो, कोंबड्यांचं खुराडंही फोडतो. दक्षिण आफ्रिकेत मधपेट्या फोडतो म्हणून मधपाळ त्याला मारायचे. मग पेट्या उंच स्टँडवर ठेवायला लागले आणि तसं करणाऱ्यांच्या मधाच्या बाटलीवर खास शिक्का आला. आपल्याकडे खुराड्याला दगडी जोतं आणि पक्की जाळी, एवढं तरी जमेल ना?

आपल्या कायद्यात हा प्राणी वाघाच्याच यादीत, पहिल्या अनुसूचीत आहे. मारला तर किमान तीन वर्षांची शिक्षा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एकाने लिहिलं, "मग तुमच्या घरी पाळा." बाकी कुणी बोललं नाही.

पोरं आमच्याच आळीतली. एक तर यंदा पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्या बापाने गेल्याच महिन्यात माझ्याकडून उसने पैसे नेले, शेतातल्या उंदरांसाठी औषध आणायला. वन विभागाचा नंबर कालपासून काढून ठेवलाय. व्हिडिओ अजून फोनमध्येच आहे.