घोडीची पाठ

तंबोरा विकत घेण्यासाठी आलेला मनुष्य प्रथम भोपळ्याचा घेर न्याहाळतो, मग दांडीवरील नक्षीवरून बोट फिरवितो, लाखेच्या रोगणात आपला चेहरा दिसतो की नाही ते पाहतो, आणि तारा पेलणाऱ्या ज्या दोन बोटे रुंदीच्या घोडीवर या सर्व डामडौलाचे सार्थक व्हावयाचे असते तिच्याकडे बहुधा त्याची दृष्टीच वळत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. घोडी ही मिरविण्याची वस्तूच नव्हे. परंतु ज्याने मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, दुसऱ्यांनी घडविलेल्या वाद्यांच्या जवाऱ्या लावण्यात, म्हणजे घोडीवर तारेचा झंकार जमविण्यात, आयुष्याचा मोठा भाग घालविला, त्या माझ्यासारख्याला तंबोरा म्हटला की डोळ्यांपुढे आधी घोडीची पाठ येते, आणि बाकीचे वाद्य तिच्याभोवती मागाहून उभे राहते.

मिरजेत हा धंदा कसा रुजला त्याची हकिकत इथल्या सर्वांना तोंडपाठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानी फौजांतील हत्यारांचे महत्त्व ओसरू लागल्यावर, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तलवारी-भाले बाजूस ठेवून सतारी आणि तंबोरे दुरुस्त करण्याकडे लक्ष वळविले. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारी गाण्याची आवड होतीच, तेव्हा आश्रय मिळाला, आणि दुरुस्तीतून निर्मिती सुरू होऊन पुढे सतारमेकर हे आडनावच रूढ झाले. पोटापाण्याची तजवीज म्हणून झालेला हा पालट वरकरणी अपघाती वाटतो. मला तो तसा वाटत नाही. पात्याला धार देताना किती लोखंड काढावयाचे आणि कुठे थांबावयाचे, हे ज्या हाताला कळते त्याच हाताला जवारीचे रहस्य कळण्याची शक्यता अधिक. कारण दोन्हीकडे काढलेले परत बसविता येत नाही.

भोपळ्याचे, लाकडाचे काम ही निराळी विद्या आहे आणि तिचे वर्णन मी तिच्या जाणकारांवर सोपवितो. पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या बाजूच्या शेतांतून वाळलेले कडू भोपळे येतात, त्यांची तोंडे कापून ते भिजवितात, आतला गर खरवडून काढतात, तून लाकडाची दांडी आणि भोपळ्याचे तोंड झाकणारी तबली घडवून गळ्याशी सांधतात, आणि चपडा लाखेचे हात देऊन वाद्य पुरे करतात. या सर्व खटाटोपानंतरही तंबोरा मुकाच असतो. तारा चढवाव्यात, त्या सुरात मिळवाव्यात, आणि छेडून पाहावे, तो ठण्ण असा एक कोरडा ध्वनी उमटून लागलीच विझून जातो. त्यात खोट काही नसते, पण गाणाऱ्याने टेकावे असेही काही नसते.

येथून आमचे काम सुरू होते. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट असून चालत नाही. लंगोटाकडच्या, म्हणजे तारांची खालची टोके जेथे अडकविलेली असतात त्या बाजूने दांडीकडच्या बाजूस येताना तिला इतका सूक्ष्म उतार द्यावा लागतो की तो डोळ्याने पाहू गेल्यास दिसत नाही, केवळ तिरप्या उजेडात, तार आणि घोडी यांच्यामधील फट जेथे केसाहूनही बारीक होत नाहीशी होते तेथे त्याचा अंदाज येतो. तार सैल करून बाजूस सारावी, बारीक कानशीचे दोन-तीन हलके हात द्यावेत, फुंकर मारून भुकटी उडवावी, तार पुन्हा जागेवर आणून सुरात लावावी आणि ऐकावे. मग पुन्हा सैल करावी. कानस चालविण्यापेक्षा तार लावण्यात आणि ऐकण्यात वेळ जास्त जातो, आणि शिकाऊ पोरांना नेमका हाच भाग कंटाळवाणा वाटतो. माझे उस्ताद मितभाषी होते. घाईने कानस उचललेली दिसली की ते एवढेच म्हणत, "अहो, तारेचं बोलणं संपू द्या की आधी."

उतार जमला की दोऱ्याची पाळी येते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक लहानसा तुकडा सरकवितात. तो पुढेमागे करता करता अशी एक जागा सापडते की त्या क्षणी तार एकाएकी उमलते, तिच्यातून मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुंजारव सुरू होतो, आणि मूळ स्वराच्या अंगाखांद्यावर वरचे स्वर एकामागून एक चढू-उतरू लागतात. दोरा तसूभर नव्हे, त्याच्या शतांशाने सरकला तरी ते सर्व मावळते. पंचमाच्या तारेची जागा निराळी, जोडीच्या दोन पोलादी तारांची निराळी, आणि पितळी खर्जाची तर अगदीच निराळी. खर्ज जाड, तिचे आंदोलन मोठे, तिला घोडीवर अधिक ऐसपैस जागा हवी असते, आणि जोडीच्या तारेला मानवलेला उतार तिच्याखाली ठेवला तर ती गुंजत नाही, फडफडते.

हा चमत्कार कसा घडतो याचा शास्त्रीय उलगडा करणाऱ्यांत पहिले नाव चंद्रशेखर वेंकट रामन यांचे घ्यावे लागते. सरकारी हिशेबखात्यातील अधिकाराची जागा सोडून 1917 साली कलकत्ता विश्वविद्यालयात अध्यापक झालेल्या या गृहस्थांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते 1930 साली आणि प्रकाशाविषयीच्या शोधासाठी, त्यामुळे तंबोऱ्यावरील हा निबंध सामान्य वाचकाला अपरिचित राहिला. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा असा नियम आहे की, तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू पडतो ते उपस्वर तारेतून उमटत नाहीत. रामन यांनी दाखविले की तंबोरा आणि वीणा हा नियम मानीत नाहीत. जे उपस्वर नियमाप्रमाणे गैरहजर असावयास हवेत तेच येथे जोराने हजेरी लावतात. कारण घोडीच्या रुंद, वक्र पाठीवर तार एकाच काठावर टेकून राहत नाही. प्रत्येक आंदोलनात ती पाठीला चाटून जाते, टेकते आणि सुटते, आणि या क्षणोक्षणीच्या स्पर्शातून वरच्या स्वरांना पुनःपुन्हा जीवदान मिळते. उस्तादांना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला खर्जाचा दोरा किंचित पुढे घ्यावयास सांगितले.

युरोपीय व्हायोलिनची घोडी पाहिली म्हणजे दोन प्रकृतींमधला भेद तत्काळ ध्यानात येतो. मेपल लाकडाची ती पातळ, उभी फळी. तारा जिथे टेकतात तो तिचा काठ अरुंद, आणि तार तेथे निःसंदिग्ध थांबली पाहिजे असा त्या विद्येचा दंडक. तारेने कुठेही घासू नये, खरखरू नये. तशी ती खरखरली तर तो दोष समजून कारागीर त्याचा बंदोबस्त करतो. क्रेमोना नगरीत सतराव्या-अठराव्या शतकांत स्ट्राडिव्हारी आणि ग्वार्नेरी यांच्यासारख्यांनी या निर्मळपणाची परमावधी गाठली, आणि तिच्यापुढे मी आदराने मान लववितो. मात्र हा निर्मळपणा म्हणजेच स्वराची शुद्धता, आणि आमची झंकार करणारी जवारी म्हणजे तिच्या मानाने काहीतरी अपरिष्कृत, असा जो समज इंग्रजी अमदानीपासून आपल्यातील सुशिक्षितांत पसरला, तो मला कधीच कबूल झालेला नाही.

जगभरच्या तंतुवाद्यांचा दाखला घेतला तर उलटच चित्र दिसते. सेनेगल, गांबिया, माली या पश्चिम आफ्रिकी मुलखांतील कोरा हे वाद्य पाहा. आमच्यासारखाच भोपळा, पण उभा अर्धा कापून त्यावर गाईचे कातडे ताणलेले, एकवीस तारा दोन रांगांत उंच घोडीवरून उतरलेल्या. आणि त्या घोडीवर कित्येक वादक धातूची एक पातळ पट्टी बसवितात, जिच्या कडेने तारेच्या बारीक कड्या ओवलेल्या असतात. तारा छेडल्या की त्या कड्या झणझणतात. वादकाची ती गफलत नसते. त्याने ती बुद्ध्या जोडलेली असते.

इथिओपियातील बेगेना तर मला आमच्या तंबोऱ्याची नात्यातली वाटते. दहा आतड्याच्या तारांचे हे उंच वाद्य राजा दाविदाच्या काळापासून आले अशी तेथील ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. उपवासाच्या दिवसांत एकटा भाविक ते मांडीशी घेऊन ईश्वरचिंतनाची पदे गातो, आणि त्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली कातड्याचा एक लहान तुकडा सरकविलेला असतो, जो पुढेमागे करून गुंजारवाची जागा शोधावी लागते. आमचा सुताचा तुकडा आणि त्यांचा कातड्याचा तुकडा यांचे कर्तव्य एकच. दोन्हीकडे ते वाद्य प्रार्थनेला बसणाऱ्याच्या हाती असावे, यात मला काही नवल वाटत नाही. ज्याला दीर्घकाळ एका स्वरात राहावयाचे असते त्याला तो स्वर आतून सतत हलता असावा लागतो.

जपानी शामिसेनच्या तीन तारांपैकी सर्वांत जाड तार दांडीच्या वरच्या टोकाशी मुद्दाम लाकडाला चाटत ठेवलेली असते. आणि ज्या युरोपने पुढे व्हायोलिन निर्मळ केले, त्याच युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत हार्पच्या तारांच्या मुळाशी लाकडी आकडे बसवीत, जे फिरवून तारेला टेकविले की हार्प झणझणू लागे. तो आवाज त्या काळच्या लोकांच्या कानाला गोड होता. पुढे अभिरुची पालटली आणि आकडे गेले. एका काळचा अलंकार दुसऱ्या काळी दोष ठरतो, हे आम्हा दुरुस्तीच्या धंद्यातील माणसांस नवीन नाही. सतारीतच पंडित रविशंकरांची खुली जवारी आणि उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद जवारी यांच्यात एवढे अंतर आहे की एकाच्या पंथातील सतार दुसऱ्याच्या पंथातील वादकाला दिली, तर ती बिघडली आहे असे त्याला वाटण्याचा संभव आहे.

म्हणून जवारी चांगली की वाईट हे वाद्य एकटे पाहून मी सांगत नाही. एकदा एक गायिका आपली तंबोऱ्यांची जोडी घेऊन आल्या. जोडीच्या तारा लागल्या, खर्ज लागला. पंचमाला मी माझ्या मते भरपूर मोकळीक दिली होती. त्यांनी डोळे मिटून हलक्या आवाजात आकार लावला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "मास्तर, पंचम माझ्या पुढे पुढे धावतोय. त्याला थोडं मागे घ्या." दोरा रेसभर मागे घेतला, झंकार किंचित मिटला, आणि त्यांचा आवाज त्यात असा मिसळला की गाणाऱ्या कुठे संपतात आणि तंबोरा कुठे सुरू होतो ते कळेना. कानाला अधिक भरीव लागणारी जवारी मी त्यांच्यासाठी मोडली होती, आणि ती मोडणेच रास्त होते.

मिरजेची मातीच अशा कानांना अनुकूल होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याजवळ येथेच शिकले, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरजेला आपले घरच मानले. 1937 साली मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. खाँसाहेबांचा वाद्यदुरुस्तीतही हात चालत असे, आणि त्यांच्या तंबोऱ्यांच्या सुरेलपणाची ख्याती होती. कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींच्या मापनाचा जो उद्योग आरंभिला आणि 1910 साली पुस्तकरूपाने लोकांपुढे मांडला, त्यात त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. खर्ज नीट लागला आणि जवारी उघडली म्हणजे त्या तारेतून कोणी न लावलेला गांधार आपोआप ऐकू येतो. तो मूळ स्वराचा पाचवा उपस्वर होय, आणि हार्मोनियमच्या पट्टीतील गांधारापेक्षा तो किंचित उतरलेला असतो. देवलांना जे गणिताने सिद्ध करावयाचे होते, त्याची साक्ष चांगल्या जवारीचा खर्ज रोज देत असतो.

अलीकडे घोडीसाठी हस्तिदंत किंवा सांबरशिंग मिळत नाही. वन्यप्राण्यांच्या रक्षणाचे कायदे झाले, आणि ते योग्यच झाले. हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थ यांवर आम्ही भागवितो. हाडावर पोलादी तार कालांतराने चर पाडते, आणि चर पडला की जवारी बसते. पावसाळ्यात तबली फुगते आणि तीच जवारी दोन दिवसांत हरवते. विजेच्या पेटीतला तंबोरा या सर्व कटकटींपासून मुक्त आहे, आणि प्रवासात त्याची सोय मी नाकारीत नाही. पण त्याचा दोरा सरकविता येत नाही. पंचम पुढे धावत असेल तर त्याला मागे घेणारे कोणी नाही. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहे. मानांकनाने नाव राखले जाते. जवारी लावणारे हात राखण्यासाठी मात्र शिकावयास बसणारी मुले हवीत, आणि ती गल्लीत कमी होत आहेत.

ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना एवढीच विनंती, की आवाज बसला म्हणून घोडीला घरच्या घरी कानस किंवा काचकागद लावू नये. गवसणीत घालून वाद्य आमच्याकडे आणावे, आणि ते कोणाच्या हाती पाठवून न देता ज्याला गावयाचे आहे त्याने स्वतः यावे, आपली पट्टी सांगावी, आणि तारा लागत असताना समोर बसून थोडे गावे.