माळवदाखालचा आवाज

नांदेडहून देगलूरला आलेला रस्ता पुढे मदनूरवरून तेलंगणात शिरतो आणि संगारेड्डीमार्गे हैदराबाद गाठतो. 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता; 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. सरहद्दी बदलल्या, पण देगलूरच्या व्यापाऱ्याची हैदराबादची वाट मोडली नाही. मोठी खरेदी म्हटली की आजही गाडीचे तोंड तिकडेच वळते. गेल्या मार्गशीर्षात दादांबरोबर मी त्याच वाटेने निघालो, तो स्पीकरची एक चांगली जोडी आणण्यासाठी.

आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात. दुकान बंद करून दादा त्यानंतर गाणे ऐकत बसतात; त्यांच्या आयुष्यातील ही एकच चैन. वडिलांच्या वेळच्या तबकड्या आणि 40 वॉटचा एक जुना, निरोगी ॲम्प्लिफायर घरात होता. स्पीकर मात्र थकले होते. वाड्याच्या मागच्या अंगाला पाच वर्षांपूर्वी बांधलेल्या हॉलमध्ये नवी जोडी मांडायची आणि येत्या उन्हाळ्यात पुढची जुनी बैठक उतरवून तिथेही स्लॅब घालायचा, असे ठरलेले होते. ठेकेदाराला विसारही दिला होता. त्या बैठकीत माझे बालपण गेले. पण मी पुण्यात राहतो आणि गळक्या माळवदाखाली भांडी मांडतात ती वहिनी, त्यामुळे मी बोललो नव्हतो.

हैदराबादच्या दुकानातील ऐकण्याची खोली गालिचे आणि जाड पडदे लावून सजवलेली होती. तिथे कमरेएवढ्या उंचीच्या, पाठीमागे हवेचे भोक असलेल्या एका जोडीने आम्हाला जिंकले. दुसरी जोडी दिसायला अगदीच किरकोळ, चारी बाजूंनी बंद पेटीची. ती ज्या घराण्यातील, त्याचे मूळ बीबीसीच्या संशोधन विभागात आहे. बाहेरगावच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांत जागा अपुरी, म्हणून 1970 च्या दशकात तिथे एलएस3/5ए नावाचा छोटा स्पीकर घडवला गेला. तिथलेच एक अभियंता हारवूड यांनी पुढे 1977 मध्ये हार्बेथ कंपनी काढली. माणसाचा आवाज माणसासारखा यावा, हा या मंडळींचा पहिला आग्रह.

दादांनी दोन्हींची माहितीपत्रके भावपत्रकासारखी समोरासमोर धरली. एक वॉट वीज दिली असता एक मीटरवर किती आवाज मिळतो, तो आकडा मोठ्या जोडीचा 89 डेसिबल, छोटीचा 83. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. म्हणजे तेवढ्याच आवाजाला छोटी जोडी चौपट वीज खाणार. "मग हिचा खर्च जास्त आणि माल कमी," दादा म्हणाले. हिशेब बिनचूक होता. मात्र मोठ्या जोडीचा विरोध खालच्या स्वरांत तीन ओहमपर्यंत उतरत होता. तिथे ॲम्प्लिफायरला जास्त प्रवाह पुरवावा लागतो आणि जुने यंत्र दमते. हे बारीक अक्षरांत होते. दुकानदार सज्जन. अनामत घेऊन त्याने दोन्ही जोड्या आठवड्यासाठी दिल्या. महाग वस्तू घरी ऐकल्यावाचून घेऊ नये, असे तोच म्हणाला.

परतताना देगलूरजवळच्या होट्टलला थांबलो. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिरात पुतण्याने सहज 'काका' म्हणून हाक मारली, तर ती मंडपात घोळत राहिली. दगड आवाज पीत नाही, परत करतो. ते ऐकून मला आमच्या नव्या हॉलची धास्ती वाटू लागली.

धास्ती खरी ठरली. हॉल 16 फूट लांब, 16 फूट रुंद. खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला सबंध काच. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट नेमकी मावते, तो स्वर खोलीत फुगतो. 16 फुटांना तो सेकंदाला सुमारे 35 कंपनांचा आणि त्यानंतरचा 70 चा. खोली चौरस असली की दोन्ही दिशांनी तेच स्वर फुगतात. मोठ्या जोडीवर भीमसेनजींची तबकडी लावली, तर डग्ग्याचा प्रत्येक ठेका घुमून गाण्यावर पसरला. देगलूर हे गुंडामहाराजांच्या चक्री भजनाचे गाव. टाळ कुठे संपतो आणि मृदंग कुठे सुरू होतो, हे इथल्या कानाला सांगावे लागत नाही. दादांनी पाच मिनिटांत सुई उचलली. "घागरीत तोंड घालून गातात की काय?" छोटी जोडी घुमली नाही, पण काचेवरून परतणाऱ्या आवाजाने तीही कर्कश लागली.

बैठकीत नेऊन पाहावे, हे वहिनींनी सुचवले. 21 फूट लांब, 13 फूट रुंद, 9 फूट उंच. तिन्ही मापे वेगळी, म्हणून फुगणारे स्वरही विखुरलेले. वर सागवानी तुळया, त्यांवर किलचन आणि मातीचा जाड थर. तुळयांवर आदळून आवाज फुटतो, एकाच वाटेने परत येत नाही. खाली शहाबादी फरशी असली, तरी तिच्यावर पेढीची कापसाची गादी, लोड आणि तक्के. शहरात लोक भिंतींना पैसे मोजून कापसाचे तावदान लावतात. आमच्याकडे ते तीन पिढ्या हिशेब लिहायला वापरले गेले. मोठी जोडी इथेही जराशी जडच राहिली. छोटी वहिनींनी आधी कोनाड्यात ठेवली, तेव्हा आवाज सुजला. भिंतीपासून अडीच फूट पुढे, स्टुलांवर, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणताच तंबोरे दोन स्पीकरच्या मागे जाऊन बसले आणि मधोमध माणूस गाऊ लागला. 40 वॉट त्या खोलीला पुरून उरले.

रात्री उशिरापर्यंत कोणी उठले नाही. चौथी तबकडी संपल्यावर दादांनी वर पाहिले आणि विचारले, "ही तुळई आजोबांनी कुठून आणली होती रे?" मला माहीत नव्हते.

मोठी जोडी परत गेली, अनामतीतून छोटीची किंमत वळती झाली. ठेकेदाराचा विसार बुडाला; वहिनींनी तो स्पीकरच्या किमतीत धरला आहे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर घालायला पांढऱ्या मातीच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या, असे दादांनी परवा फोनवर कळवले. गळती कुठे आहे ते पाहायला वहिनी स्वतः वर चढल्या होत्या.