गाडीतील शेवटचा बाक

आमच्या घरात माणसे सात आणि मते आठ, असे आमची आत्या नेहमी म्हणते. त्यामुळे सातही जणांना पोटात घेईल अशी तीन रांगांची मोठी गाडी घेण्याचा ठराव गेल्या वर्षी चतुर्थीपूर्वी एकमताने संमत झाला, तेव्हा आम्हांलाच नवल वाटले. गाडी सेकंडहँड, पण उंच, ऐसपैस आणि रुबाबदार. ती दारात आली त्या दिवशी तिला हळदकुंकू लागले, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली आणि सातही माणसे कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनास जाऊन आली.

अशा गाडीची ओढ आमच्या मनात बालपणापासूनची. १९९४ साली टाटा सुमो निघाली आणि पुढे काही वर्षे गावातील प्रत्येक लग्नाचे वऱ्हाड तिच्यातून जाऊ लागले. तिच्या मागच्या भागात समोरासमोर बाक असत. त्यांवर आम्ही भावंडे गुडघ्याला गुडघे भिडवून बसत असू. तिचे नाव जपानी मल्लांवरून पडले असावे असे आमचे विद्यार्थी मानतात. वस्तुतः टाटांच्या त्या मोटार कारखान्याचे धुरीण सुमंत मुळगावकर यांच्या नावाचे व आडनावाचे आद्याक्षर जोडून ते तयार झाले आहे.

असो. मोठ्या गाडीशी संसार मांडला म्हणजे तिचे स्वभावही कळू लागतात. आमच्या वाड्यावरची वाट अरुंद. समोरून पाववाल्याची सायकल आली तरी कोणीतरी एकाने थांबावे लागते. शेवटची रांग उघडली की सामानाला जागा उरते ती दोन पिशव्या आणि चार नारळ यांपुरती. म्हणजे माणसे न्यावी की फणस, हा प्रश्न दर खेपेस उभा राहतो. सात माणसे बसली म्हणजे गाडीवर चारएकशे किलो भार चढतो. मग ब्रेक दाबल्यावर ती नेहमीपेक्षा उशिरा थांबते, आणि चाकांत हवाही जास्त लागते. ती किती, हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. एवढे सगळे आम्ही मन लावून शिकलो. एकच गोष्ट शिकायची राहिली.

बसण्याच्या जागा पहिल्याच दिवशी ठरल्या, आणि ठरवल्या कोणीच नाहीत. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते पुढे, आमच्या शेजारी. मधल्या रांगेत आई, सौ. आणि धाकटा. शेवटच्या रांगेत अकरा वर्षांची कन्या आणि आत्या. आत्या बाबांहून दोन वर्षांनी लहान. अंगाने बारीक आणि स्वभावाने त्याहून बारीक. मधली खुर्ची मुडपून, वाकून, एक पाय आत टाकून ती मागे शिरे. कोणी आग्रह केलाच तर म्हणे, “म्हाका हांगाच बरें.” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले, की ते खरे आहे अशी आमची खात्री होऊन बसली.

मे महिन्यात नात्यातील एका लग्नासाठी बेळगावला निघालो. साखळी, केरी मागे पडली आणि चोर्ला घाटाची वळणे सुरू झाली. पुढे बाबा जुन्या गोष्टी सांगत होते, मधल्या रांगेत हशा पिकत होता. मागून कन्येने दोनदा काही म्हटले. आम्ही आरशात पाहिले, तर आरशात केवळ पिशव्या दिसल्या. मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीला चहासाठी उतरलो, तेव्हा आत्या उतरेना. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता, आणि हातातील पिशवीला गाठ मारून ती पायांशी दडवीत होती. “सांगितले का नाहीस?” असे आम्ही विचारले. कन्या म्हणाली, “मी सांगत होते. तुम्हांला ऐकू आले नाही.”

परतल्यावर विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आम्हांला कारण समजावून दिले. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते. म्हणून गाडीचे हेलकावे आणि खड्ड्यांचे हिसके तिथे अधिक बसतात. पुढच्या माणसाला वळण येताना दिसते, त्याचे शरीर आधीच सावरते. मागच्याच्या डोळ्यांसमोर मात्र स्थिर खुर्चीची पाठ असते; डोळे म्हणतात हालचाल नाही, कान म्हणतात आहे, आणि या भांडणात पोट ढवळून निघते.

कारण कळले, पण लज्जा वाटली ती निराळ्याच गोष्टीची. शेवटच्या बाकावरील मुलाकडे आधी पाहावे, हे आम्ही बारा वर्षे वर्गात पाळत आलो. ते मूल गप्प आहे म्हणजे त्याला समजले आहे असे मानू नये, हे नव्या शिक्षकांना आम्हीच सांगतो. आणि आमच्याच गाडीत मात्र गप्प माणूस सुखी आहे असे धरून आम्ही वर्षभर पुढे पाहत राहिलो!

त्यानंतरच्या खेपेस सौ.नी गाडी चालविली आणि आम्ही मागे बसलो. गुडघे हनुवटीला लागले. पुढचा विनोद आमच्यापर्यंत पोचेस्तोवर हसणे संपलेले असे. तेव्हा कळले की आत्या वर्षभर आमच्या गाडीत होती, पण आमच्या प्रवासात नव्हती.

आता कन्येने जागांचे वेळापत्रक करून फ्रिजवर लावले आहे. धडधाकट माणसांनी पाळीपाळीने मागे बसायचे. पट्टा मागच्यांनीही बांधायचा. दर तासाला थांबायचे. पुढची जागा आत्याची. ती देताना बाबांनी एक शब्दही काढला नाही. केवळ बहिणीसाठी दार उघडून धरले आणि स्वतः मधल्या रांगेत जाऊन बसले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी गाडी मोठी असो वा लहान, किंवा प्रवास बसचाच असो. “मला इथेच बरे” म्हणणारे एक माणूस तुमच्याही घरी असेल. एकदा त्याच्या जागेवर बसून पाहा.

आत्या आता पुढे बसते आणि सबंध रस्ताभर बोलते. प्रत्येक वळण तिला आमच्या आधी दिसते. आम्ही कितीही हळू चालवली, तरी तिचा हात पुढच्या फळीवर जातो आणि ती ओरडते, “सावकास रे!” ही कटकट आता जन्माची आहे. आमची तक्रार नाही.