ठळक अक्षरातलं पॉझिटिव्ह

दुसऱ्यांदा गर्भ पडल्यावर डॉक्टरांनी 'टॉर्च' तपासणी लिहून दिली. रिपोर्टात 'टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह' ठळक अक्षरात. खालची 'आयजीएम निगेटिव्ह' ही ओळ कुणी वाचलीच नाही. "मांजरामुळे होतं," एवढं डॉक्टर बोलले आणि सासूबाईंना तेवढं पुरलं. संध्याकाळच्या आत आमची म्हातारी मनी पिशवीतून मासळीबाजारात.

मला स्पायरामायसिनच्या गोळ्या. त्याचंही काही नाही. पण दर काही महिन्यांनी पुन्हा रक्त, आकडा उतरला का ते बघायला. उतरेपर्यंत 'चान्स' घ्यायचा नाही. कधी थोडा खाली यायचा, की घरात साखर वाटल्यासारखी हवा. पुढच्या खेपेला परत वर, की गोळ्या वेळेवर घेतल्या का याची चौकशी. नवऱ्याने लॅबही बदलून पाहिली; तिथला आकडा तिसराच. तिशी उलटलेल्या बाईचे महिने असे त्या आकड्यामागे गेले, ते कुणाच्या बिलात लावायचे?

मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फाइल चाळून विचारलं, "हा उतरायला कशाला हवा?" आयजीजी म्हणजे जुन्या लागणीची प्रतिपिंडं, ती बहुधा जन्मभर राहतात. लागण मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, अर्धकच्च्या मटणातूनही होते. माझी कदाचित लहानपणचीच. गर्भाला धोका मुख्यतः गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर. मांजरसुद्धा सहसा पहिल्या लागणीनंतर आठवडा-दोन आठवडेच विष्ठेतून परजीवी सोडतं. मनीची ती वेळ कधीच सरली असणार.

रिपोर्टाखाली एवढं एका ओळीत छापायला लॅबला काय जातं? राग आजही येतो. पण खरं सांगते, गोळ्या चालू होत्या तेव्हा मला झोप लागायची. काहीतरी सापडलं होतं ना! "तुमच्या बाबतीत कारण सापडत नाही," असं बाई म्हणाल्या आणि झोप उडाली.

परवा धाकट्या जावेला दिवस गेले. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. फ्रान्समध्ये नेमकं अशाच निगेटिव्ह बायकांचं रक्त गरोदरपणभर दरमहा तपासत आले आहेत, कारण जपायचं त्यांनाच असतं. मी तिला म्हटलं, कुंड्यांतली माती हातमोज्यांशिवाय उपसू नकोस, कोथिंबीर नीट धू, मटण पुरतं शिजव. "वहिनी, माझा निगेटिव्ह आहे," ती म्हणाली.