आईच्या वाट्याचे चालणे

शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी 1968 पासून आषाढीसाठी पंढरपूरला पायी जाते. परतीच्या वाटेवर तिचा शेवटचा मुक्काम खामगावात पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेगावकडे निघते, तेव्हा जवळपास दोन महिने तिच्यासोबत शिस्तीने चाललेले वारकरी गर्दीत दिसेनासे होतात; कारण आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील आणि आसपासच्या गावांतील माणसांनी तो रस्ता भरून गेलेला असतो. अंतर साधारण 17 किलोमीटर. पंढरपूर ज्यांना साधत नाही, त्यांची ही एका सकाळची वारी.

माझी आई ही वाट वर्षानुवर्षे चालली. कोरोनामुळे 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी पायी पालखी निघाली नाही, तेव्हा ती अंगणात फेऱ्या मारीत राहिली. 2022 साली शेवटची चालली आणि मग गुडघ्यांनी तिला घरी बसवले. 2024 साली पालखी परतण्याच्या आधी तिने मला विचारले, ‘‘बाबू, माह्यावाली वारी तू करशीन का?’’

मी मराठीचा प्राध्यापक. गेली अठरा वर्षे संतसाहित्याचा पेपर शिकवतो. वारी आणि सामाजिक समता या विषयावरची माझी टिपणे विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी झेरॉक्स करून नेली आहेत. श्रद्धेशी मात्र माझे नाते केव्हाच तुटले होते. वडिलांच्या अखेरच्या आजारात आई रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे 21 अध्याय पुन्हा पुन्हा वाचत असे. वडील गेले. त्यानंतर मी कुठल्याही मूर्तीपुढे हात जोडले नाहीत. आईचे वाचन तेराव्यानंतर पुन्हा सुरू झाले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला तिचा रागच आला होता.

तरीही ‘हो’ म्हणालो. खिशात एक वही ठेवली. इरावती कर्वे यांची ‘वाटचाल’ आणि दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ वर्गात इतक्या वेळा शिकवली होती, की निरीक्षक म्हणून जाणे ही मला सन्मान्य पळवाट वाटली. (एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे पाहून अस्वस्थ झालेल्या इरावतीबाईंच्या निरीक्षणामागे त्यांचे चालून थकलेले पाय होते, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते.)

पहिली दोन तास वही उघडली गेली. दुतर्फा कपाशी आणि सोयाबीन, चहाचे आणि खिचडीचे मंडप, टाळांचा आवाज. माझ्या बाजूने चालणारा एक शेतकरी नामगजर थांबवून मधूनच फोनवर फवारणीच्या औषधाचा भाव विचारत होता आणि पुन्हा त्याच सुरात मिसळत होता. हे टिपून घेतले. मग डाव्या टाचेवर फोड आला, तो फुटला, आणि वही खिशातच राहिली. नवे बूट घालून निघण्याचा शहाणपणा माझाच. प्रत्येक पाऊल आता वेगळे मोजावे लागत होते. गाडीने निघून जाणे सहज शक्य होते. माझ्यासाठी चालत असतो तर गेलोही असतो. पण हे चालणे माझे नव्हते, आणि दुसऱ्याची ठेव मध्येच कशी सोडून द्यायची, या एकाच अडचणीने मला पुढे ओढले.

एका मंडपात बसलो. सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ समोर येऊन बसले, ‘‘द्या माउली पाय’’ म्हणाले आणि तेल लावू लागले. वडिलांच्या वयाचा माणूस. मी वारकरी नाही, हे त्यांना सांगायला हवे होते. तोंड उघडलेही. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना माझ्या नावागावाची, श्रद्धेची कसलीच चौकशी करायची नव्हती. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यात खोटेपणा किती होता, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

शेगावात पोहोचलो तेव्हा दर्शनाची रांग काही तासांची होती. उभे राहवत नव्हते. दुरून कळस पाहिला. हात जोडले का? जोडले, आईचे म्हणून जोडले, असे स्वतःला बजावले.

घरी आल्यावर दर्शन झाले नाही हे तिला सांगून टाकले. तिने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि मला पाय खाटेवर ठेवायला सांगितले. मला वाटले, हळद लावणार असेल. वाकता येत नसल्यामुळे तिने दोन्ही हात माझ्या पावलांवर ठेवले आणि ते कपाळाला लावले. मी दचकून पाय मागे घेतला.

‘‘राहू दे ना बाबू,’’ ती म्हणाली, ‘‘तुह्या पाया नाही पडून राह्यली मी.’’